पोरगा गेला

४ मार्च

धाकट्या,

आशीर्वाद पाठवतेय. आवडले तर ठेव, नाही तर कुणाला तरी देऊन टाक.

दर वर्षी मी तुला एक पत्र पाठवते आणि तू दोन ओळींचं उत्तर देतोस, त्यातली एक हवापाण्याची. यंदा दुसरं पत्र आलं म्हणून घाबरू नकोस. सगळे जिवंत आहेत. सरळ मुद्द्यावर येते, कारण पाल्हाळ लावायला अंगात त्राण नाही. बाबांना तुझ्याकडे ने. चार दिवस पाहुणे म्हणून नाही, कायमचे.

कारणं पोतंभर आहेत. आपला तिसरा मजला आणि त्यांचे गुडघे. एका डोळ्यात मोतीबिंदू, तरी दुसऱ्या डोळ्याने सगळ्या जगाचं वाकडं दिसतं. परवा डॉक्टर त्यांची छाती तपासत होते आणि हे डॉक्टरांना सांगतात, "तुमची दाराची चौकट ओळंब्यात नाही, गवंड्याने फसवलं तुम्हाला." डॉक्टरांनी उठून चौकट बघितली. मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. आणि मी दिवसभर इस्पितळाच्या धोबीखान्यात चादरी मोजते, वाळवते, घड्या घालायला लावते. वाफेत उभं राहून राहून माझं तोंड शिजलंय. घरी येते तर हे खुर्चीत, चहासाठी थांबलेले. स्वतः केला तर काय हात झडतील? पण नाही.

तुम्ही पाथरवटांनी दुरुस्त केलेला किल्ला आता लोकांसाठी उघडलाय. उद्घाटनाला ज्यांनी फीत कापली त्यांना दगडातलं ओ की ठो कळत नाही, आणि ज्यांनी दगड घडवले त्यांना बोलावणंच नव्हतं. बाबा महिनाभर घुम्यासारखे बसून होते. आता म्हणतात, "आमंत्रण गेलं खड्ड्यात. तिकीट काढून जाऊ." गुडघे बरे असले तर नेईन एखाद्या रविवारी.

तर ने त्यांना. एवढंच.

तुझी ताई

ता. क. पाकीट चिकटवलं होतं, ते वाफेवर धरून पुन्हा उघडलं. वरची सगळी कारणं खरी आहेत, पण खरं कारण त्यात नाही. मी लग्न करतेय. हस, पोट धरून हस, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी. आपल्या इमारतीखालचा घड्याळजी तुला आठवत असेल, तुझ्या पहिल्या घड्याळाला काच बसवून दिली होती त्याने. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. एप्रिलअखेर तो इथलं दुकान बंद करून बंदराच्या गावी बहिणीच्या जागेत जातोय. तिथे दुकान आणि वर एकच खोली, तिला शिडीवजा जिना. बाबा तो चढूच शकत नाहीत. तो म्हणतो, "थांबतो मी इथे, काय घाई आहे." पण मला आहे घाई. मी फार थकलेय रे. बाबांना यातलं काही सांगितलेलं नाही.


१९ मार्च

धाकट्या,

तुझं पत्र मिळालं. या वेळी चार ओळी. प्रगती आहे.

"मेलेल्या मुलाकडे बाप राहायला कसा येणार?" ही ओळ मी तीनदा वाचली. तू लिहितोस की किल्ल्यावरच्या टोळीतला बुटक्या तुला भेटला होता, तू गेल्यानंतर वर्षाच्या आतच. त्याने सांगितलं की किल्ल्याच्या कचेरीतल्या एका बाईसमोर बाबा म्हणाले, "माझा पोरगा गेला." ती बाई डोळे पुसत बाहेर आली, आणि त्या दिवसापासून तुझ्या लेखी विषय संपला. आणि हे तू मला आत्ता सांगतोस! इतकी वर्षं मी समजत होते की तुझा सगळा राग त्या पानाचाच आहे.

पानाचं मी काही नाकारत नाही. वरच्या दालनाच्या खिडकीवर तू वेल कोरत होतास. पान नकाशातल्यासारखं आत न वळवता तू बाहेर वळवलंस, आणि बाबांनी सगळ्या टोळीसमोर हातोडीच्या एका टोल्याने त्याचं टोक उडवलं. "हे पान आहे की कान?" असं म्हणाले, सगळे हसले. तू छिन्नी खाली ठेवलीस, घरी येऊन पिशवी भरलीस आणि निघालास. मी तेव्हा दारात उभी होते. तू मला जेवलीस का म्हणूनसुद्धा विचारलं नाहीस. असो.

पण मेला म्हणतील बाबा? तुला? अरे, तुझ्या नावाने आंघोळ केली असती तर पाणी मलाच तापवावं लागलं असतं. मला कळलं नसतं का? ते तुझं नाव घेत नाहीत हे खरं आहे. पण तुझ्याबद्दल काही बोलायचं असलं की "तो" म्हणतात, आणि आमच्या घरात दुसरा कुणी "तो" नाही.

विचारेन म्हणते. पण धीर होत नाही. आणि ते खरंच "हो, तसंच म्हणालो" म्हणाले तर मी कुठे जाऊ? तुझ्याकडे त्यांना पाठवता येणार नाही आणि मला इथून हलता येणार नाही. घड्याळजीने सामानाची खोकी बांधायला घेतलीत. काल एक खोकं रिकामं ठेवलं आणि म्हणाला, "हे तुमचं. घाई नाही." त्या रिकाम्या खोक्याकडे बघून मला इतकं दमल्यासारखं झालं की मी तशीच वर आले.

ताई


८ एप्रिल

धाकट्या,

जाऊन आलो किल्ल्यावर. बाबा, मी आणि घड्याळजी. तिकिटं त्यानेच काढली होती. बाबांना त्याच्याबद्दल मी एवढंच सांगितलं होतं की त्यालाही किल्ला बघायचाय. बाबा म्हणाले, "हो का? बघू दे." आणि मिशीत हसले. मला वाटलं मिशीला खाज आली असेल.

ओळखू येणार नाही तुला. आपण होतो तेव्हा अर्धा बुरूज कोसळलेला आणि अंगणात चुन्याच्या राशी. आता खंदकात स्वच्छ पाणी, उचलता पूल खरंच उचलता येतो, भिंतींवर दिवे, कोपऱ्यात चहाचं दुकान. गाईड म्हणून एक चुणचुणीत पोरगी होती, मिटलेली छत्री उंच धरून पुढे चालायची, म्हणजे आम्ही मेंढरं हरवू नये. आमच्यात एक नवविवाहित जोडपं, एक कॅमेरेवाले लठ्ठ गृहस्थ, आणि दोघी बहिणी होत्या, दोघी निवृत्त शिक्षिका.

इतिहास मी पहिल्यांदाच नीट ऐकला. घरात दोन पाथरवट असून मला आजवर काही ठाऊक नव्हतं, बघ. सातशे वर्षांपूर्वी नदीतून जाणाऱ्या होड्यांकडून जकात उकळायला एका सरदाराने तो बांधला. म्हणजे हा किल्ला कसला, मोठा जकातनाकाच. त्याला दोनदा वेढा पडला, एकदाही तो लढून पडला नाही. दोन्ही वेळा आतल्या कुणीतरी दार उघडलं. नंतर तुरुंग झाला, नंतर धान्याचं कोठार, नंतर वटवाघळांचं माहेर. मग तुम्ही लोक आलात.

बाबा गप्प बसतील तर ते बाबा कसले. पोरगी म्हणाली, "या खंदकात मगरी सोडलेल्या असायच्या." बाबा म्हणाले, "मगरी कुठल्या? बेडूक होते. एक माझ्या पायजम्यात शिरला होता." पोरगी म्हणाली, "हा जिना मुद्दाम उजवीकडे वळवलाय, शत्रूला तलवार चालवता येऊ नये म्हणून." बाबा म्हणाले, "डावीकडे खडक आहे. वळवतील कुठे?" शिक्षिका बहिणी खूश झाल्या. मी घड्याळजीच्या मागे लपत होते. तो बाबांच्या चालीने एकेक पायरी चढत होता आणि मध्येच "जरा थांबू या, मला दम लागलाय," म्हणत होता. त्याला कसला दम लागतोय.

मग आम्ही वरच्या दालनात आलो. खिडकीपाशी.

पोरगीने छत्री खाली केली आणि आवाज हळू केला. "ही खिडकी बघा. डाव्या बाजूचा वेल पूर्ण आहे, उजवीकडे मध्येच थांबलाय. शेवटच्या पानाचं टोकही तुटलंय. मुख्य पाथरवटाचा एकुलता एक मुलगा हे पान कोरत होता, तेवढ्यात वेढा पडला. त्याने छिन्नी ठेवली, तलवार घेतली, आणि तो परत आला नाही. सरदाराने बापाला हुकूम दिला की खिडकी पूर्ण कर. बाप म्हणाला, माझा पोरगा गेला. त्याने धरलेल्या दगडाला दुसऱ्या कुणाची टाकी लागणार नाही."

नव्या नवरीने डोळे पुसले. धाकट्या, मला आधी हसू फुटलं. म्हटलं, सातशे वर्षांपूर्वी मेलेला हा शूरवीर दोन दिवसांच्या बसप्रवासावर लोकांच्या स्वयंपाकघराचे ओटे कापतोय. आणि मग हसू एकदम थांबलं, कारण शब्द बाबांचेच होते. तू गेल्यावर कामावरचे साहेब खिडकी पूर्ण करा म्हणून मागे लागले होते तेव्हा बाबा घरी येऊन हेच बडबडायचे. दुसऱ्याने धरलेल्या दगडाला आपण टाकी लावत नाही, तो असेल तेव्हा करेल. बुटक्याला द्यायला तयार नव्हते, स्वतःही हात लावला नाही.

बाबा पुढे झाले. "मेला असं कोण म्हणालं?"

पोरगी म्हणाली, "आजोबा, बापाचेच शब्द आहेत. पोरगा गेला."

"गेला म्हणजे गेला. रागावून गेला. बसमध्ये बसून गेला."

सगळे खो खो हसले. सातशे वर्षांपूर्वीची बस! कॅमेरेवाले म्हणाले, "वा आजोबा!" बाबा हसत नव्हते. त्यांनी त्या तुटक्या पानावर अंगठा ठेवला.

"वेढाबिढा काही नव्हता," ते म्हणाले. "बापाने पान तोडलं. पान चांगलं होतं. बाहेर वळलेलं होतं, दुपारच्या उन्हात त्याची सावली खाली पडली असती, वेल हलतोय असं वाटलं असतं. बापाने ते सकाळी सावलीत बघितलं. दुपारपर्यंत थांबला असता तर कळलं असतं. पण बापाचं डोकं फिरलं होतं. पोराचा हात आपल्याहून बरा चालतो, हे त्याला बघवलं नाही."

पोरगी हसून म्हणाली, "तुम्हाला एवढं कसं माहीत, आजोबा?"

"मी होतो तिथे."

पुन्हा हशा. एका शिक्षिकेने टाळ्यासुद्धा वाजवल्या. घड्याळजीने माझा हात धरला, चारचौघांत, आणि मी तो सोडवून घेतला नाही.

नंतर चहाच्या दुकानात बाबांना बसवलं आणि विचारलं. आता मागे हटायचं नाही म्हणून भरभर विचारलं. ते कचेरीच्या बाईला काय म्हणालात? तुम्हाला तो मेला असं म्हणायचं होतं का?

बाबा माझ्याकडे असे बघत राहिले की जणू मीच वेडी. "ती कारागिरांच्या आठवणी गोळा करत होती. तिने विचारलं, ही खिडकी अर्धी का? मी म्हटलं, माझा पोरगा गेला. तर तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला, पाणी दिलं, आणि पुढे काही विचारलंच नाही. मला वाटलं, काय मायाळू बाई." मग म्हणाले, "तिला वाटलं मेला?"

"तिला वाटलं. बुटक्याला वाटलं. त्यालाही वाटलं, तुम्ही मेलाच म्हणालात."

"त्यालाही?"

त्यांनी कप खाली ठेवला. चहा निवला तरी उचलला नाही. हे मी तुला मुद्दाम लिहितेय, कारण चहा टाकताना मी त्यांना आयुष्यात पाहिलेलं नाही.

त्या बाईनेच पुढे नव्या गाईडना शिकवलं म्हणे. नवी पोरं, त्यांना नव्या-जुन्या दगडातला फरक कळतोय कशाला? तुमची खिडकी इतकी जमून गेलीय की बघणाऱ्या कुणालाही ती अकरा वर्षांपूर्वीची वाटत नाही. सांगणाऱ्याने एक सांगितलं, ऐकणाऱ्याने दुसरं ऐकलं, आणि तू सातशे वर्षं मागे जाऊन मेलास.

घड्याळजी बिल द्यायला उठला तेव्हा बाबा म्हणाले, "याने मला दिवाळखोरासारखं तोंड करून विचारलं होतं गेल्या पावसाळ्यात. तुझ्याबद्दल. मी हो म्हटलंय."

"मग बोलला का नाहीत मला?"

"तू बोलशील म्हणून थांबलो."

काय माणसं आहोत आपण! सगळी एकमेकांसाठी थांबलेली, तोंड शिवून.

मी आता तुझी मनधरणी करणार नाही. झालं ते लिहिलं. तुझं उत्तर लवकर यावं.

ताई


२५ एप्रिल

धाकट्या,

तुझं उत्तर आलं नाही. बाबा तुझ्याकडे निघालेत.

रोज मी धोबीखान्यातून आले की ते विचारायचे, "त्याचं काही आलं का?" मी नाही म्हणायचे. परवा नाही म्हटलं तर उठले आणि स्वतः चहा केला. दोन कप. माझ्यापुढे एक ठेवून म्हणाले, "दगड चालत येत नसतो. आपणच जायचं असतं त्याच्याकडे." मी म्हटलं, गुडघे? म्हणाले, "बस चालणार आहे, मी नाही."

आज सकाळी मी त्यांना बसमध्ये बसवलं. खिडकीची जागा मिळाली. कंडक्टरला तुझा पत्ता दिलाय, शेजारच्या बाईला औषधाच्या वेळा सांगितल्यात. मी सोबत जायला निघाले होते तर बाबा अंगावर खेकसले, "मी काय आंधळा आहे?" एका डोळ्याने आहेत, पण बोलायची सोय नाही. बस सुटली तेव्हा हात वगैरे काही केला नाही. समोरच्या सीटचा खिळा सैल होता तो बघत होते.

आता माझं ऐक. मला रडू येईल असं वाटलं होतं. आली झोप. तिथेच बाकावर बसल्या बसल्या मी गाढ झोपले, पर्स मांडीवर उघडी टाकून. जाग आली तेव्हा सुटले असं वाटलं. मग त्याची लाज वाटली. मग लाजेचाही कंटाळा आला आणि मी घरी आले.

हे पत्र त्यांच्या मागोमाग येईल. तू त्यांना आत घेतलंस की नाही ते मला कळायला आठवडा जाईल, आणि तो आठवडा मी कसा काढणार आहे माझं मला ठाऊक. पण एक सांगते, धमकी समज हवी तर. मी आपली खोली सोडलीय. किल्ली मालकाला दिली. त्यांना परत पाठवायचं म्हटलंस तर पाठवायला पत्ता नाही. मी इतकी वर्षं धाकटा, धाकटा म्हणून तुला सांभाळून घेतलं. आता माझ्यात तेवढं उरलं नाही रे. तुझं तू बघ.

बंदराच्या गावचा पत्ता मागे लिहिलाय. उत्तर तिथे पाठव.

ताई


३ मे

चि. थोरलीस अनेक आशीर्वाद.

मी पोचलो. वाटेत त्रास झाला नाही. शेजारची बाई औषधं वेळेवर देत होती पण फार बोलत होती.

त्याचं घर पोचलो तेव्हा बंद होतं. तो कामावर होता. मी ओट्यावर बसलो. समोरच्या बाईने विचारलं, कोण हवंय? मी म्हटलं, मी त्याचा बाप. तर ती जागच्या जागी थिजली. म्हणाली, अहो, त्यांचे वडील तर गेले. इथे राहायला आले तेव्हाच त्यांनी सांगितलं होतं सगळ्यांना.

तेवढ्यात तो आला. अंगभर दगडाची पूड. केस पांढरे वाटले ते पुडीने की खरोखर, ते तेव्हा कळलं नाही. खरोखरचे आहेत. त्याने बाईचं बोलणं ऐकलं होतं. खाली मान घालून उभा राहिला. लहानपणी उभा राहायचा तसाच.

मी बाईला म्हटलं, हो, गेलो होतो. आता आलोय.

ती हसली. त्याने दार उघडलं, मला पाणी दिलं. त्याबद्दल आम्ही अजून बोललो नाही. बोलू नये असं माझं मत आहे. त्याने "गेले" म्हटलं ते माझ्यासारखं नव्हतं, मरण याच अर्थाने म्हटलं, ते मला कळलं. मला राग आला नाही. टोला आधी मी मारला होता.

तुझी पत्रं त्याच्या उशाखाली आहेत. किल्ल्याचं पत्र फार वाचून घडीवर फाटलंय. उत्तर का दिलं नाही विचारलं तर म्हणाला, रोज लिहायला बसत होतो. तेव्हा त्याला बोलू नकोस.

मला त्याने त्याची खाट दिलीय आणि तो खाली झोपतो. मी नको म्हटलं नाही. यंत्राने दगड कापतात ते बघितलं. काम साफ आहे. मी दोन दिवस काही चूक काढली नाही. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, बाबा, बोला आता, मला भीती वाटतेय. मग मी बोललो. चार ठिकाणी चूक होती.

इथे मला जमतंय. जिना नाही. तू मला न्यायला येऊ नकोस, बघायला ये, दोघं या. जावईबापूंना नमस्कार सांग. त्यांना दम लागत नाही हे मला किल्ल्यावरच कळलं होतं.

तू सकाळी उठल्या उठल्या माझा चहा ठेवायला जाशील. सवय आहे. ठेवू नकोस. पडून राहा.

बाबा